हळवा विवेक आणि त्याची दिशा

ख्रिस्ती धर्मविचारात सदसद्विवेक म्हणजे केवळ चांगले-वाईट ओळखणारी बुद्धी नव्हे; केलेल्या कृत्याचा माणसाला आतून जाब विचारणारी आणि तो जाब अखेर देवासमोर द्यायचा आहे याची जाणीव ठेवणारी ती शक्ती होय. ही शक्ती बधिरही होते आणि आजारीही पडते. पौलाने दोन्ही गोष्टींची दखल घेतली आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात डागणी देऊन निर्जीव झालेल्या विवेकाचा उल्लेख येतो, तर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही या वादात, ज्याच्या मनाला ते खुपते त्या दुबळ्या बंधूसाठी जाणत्याने आपले स्वातंत्र्य आवरते घ्यावे असा निवाडा दिला आहे. विवेकाचा प्रश्न एकट्याच्या मनाचा नसून शेजाऱ्याचाही आहे, हे सूत्र या निवाड्यात आहे, आणि पुढच्या शतकांत तेच सर्वांत सहज विसरले गेले.

विवेक जोपासण्याची एक जुनी परंपरा आजच्या नव्या शहरातही पोहोचली आहे: कोलकात्याच्या पूर्वेला राजारहाटच्या शेतजमिनीवर आणि पाणथळ भूमीवर आखून वसवलेल्या न्यू टाउनमध्ये २०१७ साली सेंट झेवियर्स विद्यापीठ सुरू झाले. ते चालवणारा येशूसंघ, म्हणजे इग्नेशियस लॉयोलाने स्थापन केलेला आणि १५४० मध्ये पोपची मान्यता मिळालेला धर्मगुरूंचा संघ, मराठी वाचकाला नवा नाही. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे होते. विवेक जागा ठेवण्याची इग्नेशियसने सांगितलेली रीत जमाखर्चाच्या वहीसारखी काटेकोर आहे. साधकाने एकच दोष निवडायचा, आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखायच्या, दुपारी आणि रात्री तासातासाचा आढावा घेऊन जितक्या वेळा घसरण झाली तितके ठिपके त्या रेघांवर द्यायचे, आणि दिवसाशी दिवस, आठवड्याशी आठवडा ताडून पाहायचा. दोष घडल्याक्षणी छातीवर हात ठेवावा, कारण चारचौघांतही कोणाच्या लक्षात न येता हे करता येते, अशी सूचनाही तो देतो. पश्चात्तापाचे प्रदर्शन त्याला नको होते. वसईकडच्या कॅथलिक घरांत ज्याला कुमसार म्हणतात, त्या धर्मगुरूपुढच्या पापनिवेदनाची तयारीही अशाच परीक्षणाने होते.

मात्र ही रीत घालून देणारा माणूस स्वतः विवेकाच्या आजारातून गेला होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे. १५२२ मध्ये मानरेसा या गावी राहत असताना, कबूल केलेली पापे पुरती कबूल झालीच नाहीत या शंकेने त्याला इतके ग्रासले की जगणे नकोसे झाले. त्या अनुभवातून त्याने शंकाकुलतेवर, म्हणजे जिथे पाप नाही तिथे ते पाहणाऱ्या मनोवृत्तीवर, काही टिपणे लिहिली. वाटेत नकळत दोन काड्यांच्या क्रुसावर पाय पडला आणि ते पाप झाले असे वाटले, तर तो निव्वळ चुकीचा निर्णय होय. पाप झाले आणि नाहीही झाले असे मन दोन्हीकडे ओढले जाऊ लागले, की ती खरी शंका, असा बारीक फरक तो करतो. त्यापुढचे त्याचे निरीक्षण अधिक मार्मिक आहे: जाड कातडीच्या माणसाला सैतान आणखी जाड करतो, आणि हळव्याला इतका हळवा करतो की तो निकामी व्हावा. म्हणून हळव्याने उलट दिशेने, मध्याकडे सरकावे, असा त्याचा सल्ला आहे.

मराठी ख्रिस्ती इतिहासात या सल्ल्याची सर्वाधिक गरज असलेला माणूस म्हणजे नीलकंठशास्त्री गोरे. बनारसमध्ये वाढलेल्या या कोकणस्थ पंडिताने मिशनऱ्यांना वादात हरवण्यासाठी संस्कृतात ग्रंथ रचला, त्याच वादाने तो ख्रिस्ताकडे ओढला गेला, आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. ‘षड्दर्शन दर्पण’ लिहिणाऱ्या या तार्किकाची बुद्धी जितकी धारदार तितकेच मन स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास तत्पर होते. अँग्लिकन मठवासी संघात तो उमेदवार म्हणून राहिला, पण अखेरची व्रते त्याने घेतलीच नाहीत, आणि १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत शंकांनी त्याची पाठ सोडली नाही. त्याची निष्ठा अप्रामाणिक होती असे कोणीही म्हणणार नाही. खरे तर प्रामाणिकपणाचा अतिरेकच त्याला भोवला, कारण त्याचा विवेक बहुतांशी आतच फिरत राहिला.

आणि तरीही पंडिता रमाबाईंना श्रद्धेपर्यंत आणण्यात याच गोऱ्यांच्या पत्राचा वाटा मोठा होता, असे रमाबाईंनी आपल्या साक्षीत कृतज्ञतेने नोंदवले आहे. रमाबाईंचा ख्रिस्ती उपासनेशी पहिला परिचय १८७८ मध्ये कोलकात्यातच झाला. खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटलेली माणसे पाहून ही मंडळी खुर्च्यांचीच पूजा करतात की काय असे त्यांना वाटले. त्याच शहरात पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाल्यावर त्यांच्या विवेकाची खरी परीक्षा सुरू झाली, आणि परीक्षक होते त्यांच्यावर माया करणारे लोक. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्येच का असावा, हा त्यांचा प्रश्न तिथल्या मठातल्या भगिनींना उद्धटपणाचा वाटला. त्यांचा शाकाहार हा जातीच्या अभिमानाचा अवशेष ठरवला गेला. त्र्येक देवाविषयीच्या सिद्धांतावर त्या अडून बसल्या तेव्हा आज्ञापालनाचा उपदेश झाला. रमाबाईंनी पत्रांमागून पत्रे लिहून उत्तर दिले, त्याचा आशय असा की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली व्यक्ती दुसऱ्याचे जोखड मान खाली घालून स्वीकारणार नाही, आणि देवाने दिलेली विचारशक्ती कोणाकडे गहाण ठेवता येत नाही. या पत्रव्यवहारात हटवादीपणा मुळीच नाही असे नव्हे. पण त्यांचा हळवेपणा स्वतःला टोचत बसत नाही, तो समोरच्याला प्रश्न करतो आणि तिथून कामाकडे वळतो. १८८९ मध्ये विधवांसाठी उघडलेले शारदा सदन आणि नंतरचे केडगावचे मुक्ती सदन हे त्याच विवेकाचे फळ आहे.

केडगावात १९०५ मध्ये झालेल्या आध्यात्मिक जागृतीत मुली मोठमोठ्याने रडत पापे कबूल करू लागल्या. सामुदायिक पश्चात्तापाच्या त्या लाटेची वर्णने अनेक आहेत, परंतु रडण्याच्या आवाजावरून विवेकाची शुद्धी मोजणे इग्नेशियसला पटले नसते. त्यामानाने नारायण वामन टिळकांची १९१७ मधली कृती अबोल होती: अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्याशाचा मार्ग धरला. परक्यांच्या पगारावर जगणारी मंडळी आपल्या देशात पाहुणीच राहते, ही खंत त्यांनी लेखांत मांडून भागवली नाही, तर तिच्यासाठी उत्पन्न सोडले.

पौलाने शेजाऱ्याचा जो विचार मांडला, त्याचे याहून जुने उदाहरण कोलकात्याच्या उत्तरेला श्रीरामपुरात स्थिरावलेल्या विल्यम केरीच्या हातचे आहे. पंडित वैजनाथांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) सिद्ध करणाऱ्या केरीने भारतात येण्यापूर्वी, १७९२ च्या आपल्या पुस्तिकेत, गुलामांच्या कष्टावर पिकलेली वेस्ट इंडीजची साखर अनेक कुटुंबांनी वापरणे बंद केल्याची नोंद घेतली आणि त्यातून वाचणारा पैसा धर्मकार्यास लावता येईल असे सुचवले. चहातली चमचाभर साखर कोणाच्या कष्टावर पिकली, हा प्रश्न ठिपक्यांच्या रेघेवर बसत नाही. तो आपल्या दोषापेक्षा आपल्या सोयीकडे बोट दाखवतो.

न्यू टाउनमध्ये नोकरीसाठी येऊन राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला, तो मराठी असो वा बंगाली, हीच चौकशी सर्वांत अडचणीची ठरते. दौऱ्याच्या खर्चाची खोटी पावती जोडली नाही, हाताखालच्या माणसाचे श्रेय लाटले नाही, याची रोजची तपासणी त्याने करावीच, आणि ती तुलनेने सोपी आहे. पण ज्या जमिनीवर त्याचा फ्लॅट उभा आहे ती राजारहाटच्या शेतकऱ्यांकडून घेताना दिलेल्या मोबदल्यावरून तीव्र वाद झाले आहेत, आणि जमीन गमावलेल्या कुटुंबांतली काही माणसे आता याच इमारतींत पहारेकरी व घरकामगार म्हणून राबतात. खरेदीखत कायद्याने निर्दोष असले, तरी दारावरच्या पहारेकऱ्याला आठवड्याची सुटी मिळते का, आणि भांडी घासणारी बाई आजारी पडल्यास तिचा पगार कापला जातो का, हे विचारायला कोणताही कायदा आड येत नाही. घरमालकांच्या बैठकीत हा विषय काढणारा बहुधा एकटा पडतो, इतकेच.