रंध्याला हात घालण्यापूर्वी

श्रावणात दार चौकटीत अडू लागले, की घरधन्याला रंधा आठवतो. पण लाकूड दमट हवेतले पाणी पिऊन रुंदीला फुगते आणि कोरड्या हवेत पुन्हा आटते. पावसात तासलेल्या दाराला उन्हाळ्यात फट पडणारच!

म्हणून आधी बिजागरीचे स्क्रू पाहावेत. भोक सैल झाले असल्यास गूल काढलेली आगकाडी सरस लावून आत ठोकावी, मग स्क्रू पिळावा. झुकलेले दार पुष्कळदा तेवढ्यानेच सरळ होते. अडणाऱ्या खणांच्या कडांना मेणबत्ती घासावी.

दिवाळीनंतर लाकूड वाळले आणि तरीही दार घासत राहिले, तरच हलका रंधा मारावा. दाराच्या वरच्या-खालच्या कडांनाही रंग द्यावा. लाकडाच्या उघड्या टोकांतून ओल झपाट्याने शिरते. घाई मात्र नको. तासून काढलेले लाकूड परत जोडता येत नाही.