दुपारची वीज स्वस्त झाली, पण घरून धंदा करणाऱ्याच्या हातात किती पडतं?



घरून मसाले, पापड, केक, शिवणकाम असं काहीतरी सुरू करायचा विचार करणाऱ्यांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. "सर, आता स्मार्ट मीटर बसलंय. दिवसा वीज स्वस्त आहे म्हणतात. मग सगळं काम दिवसा केलं तर बिल किती वाचेल?"

प्रश्न चांगला आहे, कारण वीज हा तुमच्या मालाच्या किमतीत बसणारा खर्च आहे. पण याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज पेन आणि वीजबिल घेऊन बसा, आपण हिशोबच करू.

आधी समजून घ्या: वेळेनुसार दर का बदलतो?

वीज साठवून ठेवणं महाग पडतं. त्यामुळे ज्या क्षणी मागणी, त्याच क्षणी निर्मिती, असं गणित असतं. आपल्या एकलहऱ्यासारखं कोळशावरचं केंद्र मनात आलं तेव्हा बंद आणि लगेच सुरू असं करता येत नाही. पूर्वी रात्री मागणी कमी आणि ही केंद्रं मात्र चालू, म्हणून रात्रीची वीज स्वस्त असायची. सातपूर, अंबडमधल्या जुन्या कारखानदारांना विचारा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उद्योगांना युनिटमागे दीड रुपया सूट मिळायची, आणि संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जादा लागायचे.

आता सौर ऊर्जा आली आणि चित्र उलटलं. दुपारी सौर वीज भरपूर असते. सूर्य मावळला की ती जाते, आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे सुरू होतात. म्हणून दुपार स्वस्त आणि संध्याकाळ महाग.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून हेच सूत्र घातलं. सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी. गर्दीच्या तासांत १० किलोवॅटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट, बाकीच्यांना किमान १.१ पट. शेती यातून वगळली आहे. प्रत्यक्षात दर ठरवतो तो आपला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग.

महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत जाहीर केली. पुढच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत जाणार असंही सांगितलं. दर आदेश बदलत असतात, म्हणून स्वतःचा हिशोब करताना ताज्या बिलावरचा आकडा घ्या. पद्धत तीच राहील.

आता हिशोब

समजा, तुम्ही घरून केक आणि नानकटाई करता. घराचा वापर महिन्याला ९० युनिट आहे. ओव्हन आणि मिक्सर मिळून दिवसाला ६ युनिट, महिन्यात २५ दिवस काम. म्हणजे धंद्याचे १५० युनिट.

सगळं काम ९ ते ५ मध्ये केलं, तर सवलत किती? १५० × ०.८० = १२० रुपये. आणि फ्रिज, पंखे यांचे घरातले दिवसाचे ३० युनिट धरले तर आणखी २४ रुपये. एकूण १४४.

वाईट नाही. पण आता बिलाची दुसरी बाजू बघा.

घरगुती दर टप्प्यांत असतो: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी वरचे. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात युनिटमागे साधारण ५ रुपयांचा फरक आहे. तुमचं घर ९० वरून २४० युनिटवर गेलं. म्हणजे धंद्याचे फक्त १० युनिट स्वस्त टप्प्यात बसले आणि १४० युनिट वरच्या टप्प्यात गेले. १४० × ५ = ७०० रुपये.

कळलं का? वेळेमुळे वाचले १४४, टप्प्यामुळे वाढले ७००. जुन्या बिलावरचा सरासरी दर धरून केकची किंमत काढली असेल, तर प्रत्येक किलोमागे थोडे थोडे पैसे तुमच्या खिशातून जातायत आणि तुम्हाला पत्ताही नाही. म्हणून धंद्याची वीज नेहमी वरच्या टप्प्याच्या दराने धरा. घर तर आधीपासून चालूच होतं, वाढलेले युनिट धंद्याचे आहेत.

३०० युनिटची रेघ

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दर लागू राहावा, अशी तरतूद आयोगाच्या दर आदेशांत बरीच वर्षं आहे. अट अशी, की वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटच्या आत असावा. त्यापलीकडे गेलात की कामाच्या स्वरूपाप्रमाणे व्यापारी किंवा औद्योगिक वर्गवारीचा विषय येतो.

आपल्या उदाहरणात २४० युनिट आहेत, म्हणजे वर्षाचे २,८८०. आत आहोत. पण एप्रिल-मे मध्ये कूलर लागला, दिवाळीत ऑर्डर दुप्पट झाल्या, की रेघ जवळ येते. जवळच्या महावितरण कार्यालयात जाऊन तुमच्या कामाला सध्या कोणता नियम लागू होतो, हे आधीच विचारून घ्या. नंतर फरकाची रक्कम भरण्यापेक्षा एक चक्कर परवडते.

कोणाला फायदा, कोणाला नाही?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: माझं काम मी *हलवू* शकतो का?

- हलवता येणारी कामं: घरघंटी, मसाला दळणं, पापड किंवा भाज्या ड्रायरमध्ये सुकवणं, बेकिंग, शिलाई, इस्त्री, पाण्याची मोटर. इथे सवलत घ्या, ती सोडू नका.
- न हलणारी कामं: संध्याकाळचा वडापाव, रात्रीचे डबे, क्लासेस. गिऱ्हाईक सातला येतं, तर तुम्ही दुपारी तीनला तळून काय करणार?
- चोवीस तासांची उपकरणं: डीप फ्रीझर. तो दिवसरात्र चालतो, म्हणून साधारण एक तृतीयांश वापर आपोआप सवलतीच्या वेळेत येतो. तुम्हाला वेगळं काही करायचं नाही.

आणि एक लक्षात ठेवा. ५ युनिटचं काम दुपारी ढकललं तर दिवसाला ४ रुपये वाचतात. त्यासाठी मदतनीस ताईंची वेळ बदलली, ऑर्डर उशिरा गेली किंवा गिऱ्हाईक नाराज झालं, तर तो सौदा तोट्याचा.

मोठं वर्कशॉप टाकणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे, कारण तिथे सवलतीबरोबर जादा आकारही असतो. समजा मूळ दर ८ रुपये आहे. २० टक्के कमी म्हणजे ६.४०, २० टक्के जास्त म्हणजे ९.६०. फरक ३ रुपये २० पैसे. रोज १० युनिटचं काम संध्याकाळवरून दुपारी आणलं, २६ दिवस, तर महिन्याला ८३२ रुपये. तिथे शिफ्टची वेळ ठरवताना हा विचार करायलाच हवा.

मग थेट घाऊक बाजाराच्या दराने वीज का घेऊ नये?

हाही प्रश्न येतो. देशात २००८ पासून वीज बाजार आहे. इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर दुसऱ्या दिवसाची वीज १५-१५ मिनिटांच्या ९६ तुकड्यांत विकली जाते. दुपारी भाव पडतो, संध्याकाळी चढतो. २०२३ पासून तिथे युनिटला १० रुपयांची कमाल मर्यादा आहे. पण बाहेरून वीज घेण्यासाठी साधारणपणे १ मेगावॅटची मागणी लागते. हरित ऊर्जेसाठी ती अट २०२२ मध्ये १०० किलोवॅटवर आणली. घर किंवा घरगुती धंदा यात बसत नाही.

आणि नाही बसत, ते एका अर्थी बरंच आहे. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ग्रिडी नावाची कंपनी महिन्याला दहा डॉलरच्या आसपास फी घेऊन घरांना थेट घाऊक दराने वीज द्यायची. सगळं छान चाललं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये हिमवादळ आलं आणि घाऊक दर युनिटला ९ डॉलरवर गेला. तेव्हाच्या हिशोबाने साडेसहाशे रुपयांच्या आसपास! लोकांना काही दिवसांचं बिल हजारो डॉलर आलं. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी राज्याने घरांसाठी अशा योजनांवर कायद्याने बंदी घातली.

स्वस्त दिवसांत वाचलेले पैसे एका वाईट आठवड्यात गेले. घाऊक दर परवडतो तो भाव चढताच मशीन बंद ठेवू शकणाऱ्याला. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं आणि उद्याची ऑर्डर असताना तुम्ही वीज बंद ठेवू शकत नाही. आपल्याकडची सवलत छोटी आहे, पण तिचा आकडा आधी माहीत असतो.

या आठवड्यात एवढं करा

१. मागच्या १२ बिलांचे युनिट वहीत लिहा आणि बेरीज करा. ३,६०० पासून किती लांब आहात?
२. प्रत्येक मशीनवरचे वॅट बघा. वॅट × तास ÷ १००० = युनिट. ओव्हन आणि इस्त्री मधूनमधून बंद होतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल.
३. धंद्याच्या युनिटला वरच्या टप्प्याचा दर लावा आणि तो खर्च मालाच्या किमतीत धरा.
४. हलवता येणारी कामं ९ ते ५ मध्ये बसवा. बाकीच्यांच्या मागे लागू नका.
५. स्मार्ट मीटर असेल तर बिलावर दिवसाच्या वेळेतले युनिट आणि सवलत दिसते का, ते तपासा.

दुपारच्या सवलतीला वरची मलई समजा. तुमचा धंदा ती सवलत शून्य धरूनही नफ्यात असला पाहिजे. तसा नसेल, तर आधी किंमत दुरुस्त करा, मग मशीनची वेळ.