पेन टेकवा, वस्तू घरी न्या

न्यू यॉर्कच्या कूपर ह्युइट या डिझाइन संग्रहालयात मार्च २०१५पासून तिकिटाबरोबर एक पेन मिळू लागलं. जाडसर, शाई नसलेलं. प्रत्येक वस्तूच्या पाटीवर अधिकचं छोटं चिन्ह असायचं. पेनाचं मागचं टोक त्यावर टेकवलं की ते किंचित थरथरायचं, त्यावरचे दिवे लुकलुकायचे आणि त्या वस्तूची नोंद पेनात जमा व्हायची. तिकिटावर वेबपत्ता आणि एक छोटा सांकेतिक क्रमांक छापलेला असे. घरी जाऊन तो टाकला की दिवसभरात आपण टिपलेल्या सगळ्या वस्तू ओळीने समोर यायच्या.

प्रेक्षकाला त्याच्या आवडीचं दाखवायचं, या कल्पनेवर संग्रहालयांनी पुष्कळ खटपट केली आहे. अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमसोबत डच संशोधकांनी ‘चिप’ नावाचा प्रकल्प केला होता. प्रेक्षकाने चित्रांना तारे द्यायचे. त्यावरून संगणकाने आवड ओळखायची, पुढची चित्रं आणि विषय सुचवायचे, दालनांतली फेरीही आखून द्यायची. काम अभ्यासू होतं. तरीही कूपर ह्युइटने धरलेली वाट मला जास्त मोलाची वाटते. पेन काहीच सुचवत नव्हतं. तुम्ही काय उचललंत, एवढंच ते लक्षात ठेवायचं. संग्रहालयात माणूस जातो तो अनोळखी गोष्टीसमोर उभं राहायला. त्याची आवड आधीच ताडून तेवढंच पुढे केलं, तर ती गाठ पडणारच नाही.

या संस्थेच्या जन्मातच ही वृत्ती आहे. सारा आणि एलिनॉर ह्युइट या बहिणींनी १८९७मध्ये, आजोबा पीटर कूपर यांनी काढलेल्या कूपर युनियन या शिक्षणसंस्थेत हे संग्रहालय सुरू केलं. पॅरिसमधलं शोभाकलांचं संग्रहालय त्यांनी नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवलं होतं. कापडाचे तुकडे, लेस, भिंतीला लावायचे कागद, बटणं, पक्ष्यांचे पिंजरेसुद्धा त्यांनी जमवले. नुसतं लांबून पाहण्यासाठी नव्हे. विद्यार्थ्यांनी आणि कारागिरांनी यावं, नमुने जवळून पाहावेत, उतरवून घ्यावेत, यासाठी. पुढे १९६०च्या दशकात कूपर युनियनला हा पसारा जड झाला. १९६७मध्ये स्मिथसोनियन संस्थेने संग्रह आपल्याकडे घ्यायचं ठरवलं आणि १९७६मध्ये तो अँड्र्यू कार्नेगी यांच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या चौसष्ट खोल्यांच्या वाड्यात लोकांसाठी खुला झाला.

त्या वाड्याचा एक धागा आपल्या बाजूलाही येतो. लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकी सजावटकाराने १८८१च्या सुमारास अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्यासोबत कोरीवकामाचा कारखाना उभारला होता. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. कार्नेगींच्या घरातली ग्रंथालयाची खोली डी फॉरेस्टने सजवली. तिथल्या कोरीव सागवानामुळे तिला आजही ‘सागवानी खोली’ म्हणतात. अशा जपणुकीच्या वास्तूत भिंती फोडून पडदे आणि तारा बसवता येत नाहीत. नवं काही करायचं तर ते प्रेक्षकाच्या हातात द्यावं किंवा सुट्या टेबलांवर मांडावं, हाच शहाणा मार्ग उरतो.

२०११मध्ये नूतनीकरणासाठी संग्रहालय बंद झालं. संचालक होते बिल मॉग्रिज, ग्रिड कंपास या सुरुवातीच्या घडीच्या लॅपटॉपचे रचनाकार. २०१२मध्ये त्यांचं निधन झालं आणि काम कॅरोलाइन बाउमन यांनी पुढे नेलं. पेनाची कल्पना लोकल प्रोजेक्ट्स या डिझाइन कंपनीच्या आराखड्यातून आली. ती प्रत्यक्षात उतरवायची जबाबदारी संग्रहालयाच्या डिजिटल विभागावर पडली. सेब चॅन त्याचे प्रमुख होते, तर अभियांत्रिकी आरन स्ट्रॉप कोप पाहत होते. तयार फोन का वापरला नाही, हा प्रश्न साहजिक आहे. अॅप उतरवून घ्यायला सांगितलं की बरेच लोक तिथेच थांबतात, आणि जे थांबत नाहीत त्यांची नजर वस्तू सोडून फोनवर खिळते. पेनाला पडदाच नव्हता. टेकवून झालं की पाहायला समोरच्या वस्तूशिवाय दुसरं काही नसायचं.

आतली यंत्रणा ओळखीची आहे: मेट्रोचं कार्ड फाटकावर टेकवतो, तेच एनएफसी तंत्र. पाटीमागच्या चिपमध्ये वस्तूचा क्रमांक, पेनात तो वाचणारा भाग. सिस्टेलनेटवर्क्स या स्पॅनिश कंपनीची अशीच एक कांडी आधीपासून होती. तिच्यावर संस्कार करत हे पेन घडवलं गेलं. दुसऱ्या टोकाने मोठ्या स्पर्शपटलांच्या टेबलांवर रेघोट्या ओढता यायच्या. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथलीच. टेबलावर मनाला येईल तशी एक रेघ ओढायची; संगणक त्या वळणाशी जुळणारी वस्तू संग्रहातून काढून दाखवायचा. काय शोधायचं ते माहीत नसलेल्या माणसाला शब्दांशिवाय शोध घेता येत होता. बाजूच्या एका खोलीत भिंतीचे जुने कागद भिंतभर प्रकाशात उमटायचे आणि आपण काढलेली नक्षीही तशीच भिंतीवर उलगडायची. अमेरिकेतला अशा कागदांचा सर्वांत मोठा संग्रह इथे आहे. खणांत गुंडाळून ठेवलेला कागद भिंतीवर कसा दिसत असेल, हे पाहायची ती सोय होती.

या सगळ्याचा पाया मात्र नोंदवहीत आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. पेनाने उचललेल्या क्रमांकाला उत्तर देणारं पान नसेल, तर पेन नुसतं थरथरेल. म्हणून आधी दोन लाखांहून अधिक वस्तूंना स्वतःचं, न बदलणारं वेबपान हवं होतं. संग्रहाची माहिती संग्रहालयाने २०१२मध्येच सगळ्यांना वापरायला खुली केली होती. पुढे जवळपास सगळ्या संग्रहाची छायाचित्रं काढण्याची मोठी मोहीम झाली. खुली केली तेव्हा ही माहिती अपुरी होती. कित्येक वस्तूंना वर्णन नव्हतं, फोटो नव्हता. तरी त्यांनी ती झाकून ठेवली नाही. निर्माता, देश, काळ, साहित्य असे धागे पानापानांत जोडले. रंगावरूनही वस्तू शोधता येऊ लागल्या. एखाद्या लेसच्या तुकड्यावरून तिच्या गावाकडे, तिथून त्याच काळातल्या दुसऱ्या विणकामाकडे जाता येणं, हे मला खऱ्या अर्थाने वैयक्तिक वाटतं. प्रदर्शनासाठी दुसऱ्या संग्रहालयांतून आणलेल्या वस्तूंनाही पान लागायचं. मग त्यांच्या छायाचित्रांच्या हक्कांचा प्रश्न यायचा. पाट्या छापणाऱ्यांचंही काम वाढलं, कारण आता प्रत्येक पाटीत बरोबर क्रमांक भरणं आलं.

खासगीपणाची बाजूही विचारपूर्वक सांभाळलेली होती. पेन तिकिटाशी जोडलं जायचं, माणसाशी नाही. नाव, ईमेल काहीही न देता फेरी मारता यायची आणि ती नंतर पाहताही यायची. कायमची जवळ ठेवायची असेल, तरच खातं उघडायचं. आज आपल्या प्रत्येक स्पर्शाचा हिशेब कुणीतरी ठेवत असताना, एका सरकारी छत्राखालच्या संस्थेने आठवण आणि पाळत या दोन गोष्टी अशा वेगळ्या ठेवल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पेन जपणं सोपं नव्हतं. दररोज येणाऱ्या प्रत्येकाला ते द्यायचं, तिकिटाशी जोडायचं, दोन वाक्यांत शिकवायचं, जाताना परत घ्यायचं, पुसायचं, बॅटरी पाहायची. हे काम तिकीटखिडकीवरच्या आणि दालनांतल्या कर्मचाऱ्यांचं; डिझाइनचे पुरस्कार वाटले जातात तेव्हा त्यांची आठवण क्वचितच निघते. मार्च २०२०मध्ये करोनामुळे संग्रहालय बंद झालं. हातोहात फिरणारी वस्तू तेव्हा कुणालाच नको होती. दारं पुन्हा उघडली, पण पेन परत आलं नाही.

कल्पना मात्र तोवर मेलबर्नला पोहोचली होती. चॅन २०१५मध्येच तिथल्या अॅक्मी या चित्रपट, दूरदर्शन आणि व्हिडिओ गेमच्या संग्रहालयात गेले होते. फेब्रुवारी २०२१मध्ये अॅक्मीने नव्या रूपात दारं उघडली, तेव्हा प्रेक्षकांच्या हातात ‘लेन्स’ दिली गेली: पुठ्ठ्याची एक चकती. दालनात ठिकठिकाणी बसवलेल्या वाचकयंत्रांवर ती टेकवायची आणि घरी जाऊन आपला संग्रह उघडायचा. न्यू यॉर्कमध्ये वाचणारं यंत्र हातात आणि चिप पाटीत होती; मेलबर्नला चिप हातात आली आणि यंत्र दालनात गेलं. त्यामुळे बॅटरी गेली, परत घेण्याची रांग गेली, आणि चकती प्रेक्षकाचीच झाली. पुसण्याचा प्रश्नच उरला नाही. वाचकयंत्रं अॅक्मीच्या तंत्रज्ञांनी रास्पबेरी पाय या स्वस्त छोट्या संगणकावर स्वतःच बांधली आणि त्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. एखाद्या लहान संग्रहालयाला उद्या हे करून पाहायचं असेल, तर यंत्राचा खर्च आता आवाक्यातला आहे. वस्तूंच्या नोंदी मात्र त्यांच्या त्यांनाच लिहाव्या लागतील.