अस्वलाची शिदोरी

उत्तर अमेरिकेतील काळे अस्वल हिवाळ्याच्या तोंडावर गुहेत शिरते. थंड मुलुखात ते पाच-सहा महिने बाहेर येत नाही. काही खात नाही, पाणीसुद्धा पीत नाही. मग त्याचे हृदय चालते कशावर? आधी भरपूर खाऊन साठवलेल्या चरबीवर!

पण चरबीच का? हिशेब करून पाहू. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, पिष्टमय पदार्थांतून ४. शिवाय यकृतात व स्नायूंत साठणारे ग्लायकोजेन आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी बाळगते. म्हणजे अशा ओल्या साठ्याच्या ग्रॅममागे जेमतेम १ किलोकॅलरी! १० किलो चरबीतील ऊर्जा त्या रूपात साठवायची तर ९० किलोंचे ओझे वाहावे लागेल. सुटलेल्या पोटांची थट्टा करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

चरबीचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. जेवणानंतर रक्तात इन्शुलिन वाढते, तेव्हा मेदपेशी हे रेणू साठवतात. उपास घडला की इन्शुलिन उतरते आणि पेशीतील विकरे रेणू फोडू लागतात. सुटी झालेली मेदाम्ले रक्तातून स्नायूंकडे जातात. तेथे प्राणवायूशी त्यांचा संयोग होऊन ऊर्जा मोकळी होते. तयार होतात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. गंमत म्हणजे, एक ग्रॅम चरबीपासून एक ग्रॅमहून किंचित जास्तच पाणी बनते, कारण श्वासातला प्राणवायू त्यात मिळतो. अस्वलाची तहान भागते ती याच पाण्यावर. चरबीतला कार्बन मात्र नाकावाटे वायुरूपाने गुहेतल्या हवेत मिसळतो.