एकट्याचा धागा, अनेकांचे वस्त्र

कार्तिक शुद्ध एकादशी हा पंढरीच्या यात्रेचा दिवस, तसाच संतश्रेष्ठ नामदेवरायांच्या जन्माचाही. इ. स. १२७० मध्ये शिंप्याच्या कुळात जन्मलेल्या या भक्तश्रेष्ठाचे आख्यान आम्ही दिंडोशीस लावले होते. कीर्तन आटोपल्यावर शिवणकाम करणाऱ्या एका भगिनीने विचारले, "बुवा, नामदेवांना कापड उधार कोण देत असे हो?" मंडळींत हशा पिकला, आम्ही मात्र निरुत्तर झालो.

प्रश्न थट्टेचा नव्हता. दहा-बारा स्त्रियांच्या शिवण संस्थेजवळ यंत्रे असतात, कसब असते. नसते ते कापडाचे भांडवल. किरकोळ भावाचे कापड महाग पडते आणि मोठी मागणी एकट्या संस्थेला पेलत नाही. मग दलाल कापड पुरवितो, नगामागे ठरवील ती मजुरी देतो आणि नफा त्याच्या पेढीवर राहतो.

अमरकोशात 'तंतुवाय' आणि 'तुन्नवाय', म्हणजे विणकर आणि शिंपी, हे शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. बाजाराने मात्र त्यांची ताटातूट केली. ती सांधण्याचे प्रयत्न आपल्याच प्रांती झाले. इचलकरंजीस विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविला. पुढे तेथील विणकरांनी सहकारी सूतगिरणी उभारून सुताची सोय स्वतःच्या हाती घेतली. दिंडोशीपासून जवळच, अंधेरी पूर्वेस, मूळच्या स्पेनच्या भगिनी इझाबेल मार्टिन यांनी १९८४ मध्ये 'क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स' सुरू केली. तेथे वस्तीतील स्त्रियांचे छोटे छोटे गट शिवतात आणि त्यांचा माल एका छत्राखाली परदेशी जातो. सहकारी संस्थांनी परस्परांशीही सहकार करावा, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय सहकार चळवळीने १९६६ मध्येच स्वीकारले आहे.

परंतु या मार्गाची पथ्ये कडक आहेत. दिंडीत एका टाळकऱ्याचा ठेका चुकला की सारे भजन विस्कटते. तसेच एका गटाचा माल उशिरा आला तर सर्वांची मागणी अडते. म्हणून माप एकच हवे, कापडाचा हिशेब उघडा हवा, आणि सदोष नग आपल्याच भगिनींनी शिवलेला असला तरी परत करण्याचे धैर्य हवे. येथे भिडेपोटी केलेली दया सर्वांच्याच मुळावर येते.

त्या भगिनीला द्यावयाचे उत्तर आम्हाला दिंडोशीतच सापडले. ज्यांना एकेकट्याने मुंबईत घर घेणे अशक्य होते, अशांसाठी मृणालताई गोरे प्रभृतींच्या नागरी निवारा परिषदेने याच भूमीवर सहा हजारांवर घरे उभी केली. घर जसे मिळून होते, तसा कापडाचा तागाही मिळून घेता येतो. माउली, उधार देणारा शोधू नका. शेजारच्या संस्थेचे दार ठोठवा.

आणि वाचकहो, सणाची खरेदी करताना, हे वस्त्र कोणी शिवले आणि तिच्या पदरी काय पडले, एवढे अवश्य विचारा.