पासिंगची तारीख

मास्तरकीच्या धंद्यात माणसाला एक खोड जडते. दुसऱ्याने वेळ पाळली नाही की त्याला भारी राग येतो आणि स्वतःने पाळली नाही की त्याला चटकन एखादे सुरेख कारण सुचते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. विद्यार्थ्यांनी निबंध एक दिवस उशिरा आणून दिला तर मी गुण कापतो. तेव्हा पुढची हकिगत माझ्या विद्यार्थ्यांच्या वाचनात न आली तर बरे.

आमच्याकडे एक लहानशी पेट्रोलची मोटार आहे. ६ ऑगस्ट २०१० रोजी तिची नोंदणी झाली. तेव्हा आमची मुलगी तीन वर्षांची होती. गाडीच्या बॉनेटवर नारळ फोडताना ती घाबरून रडली होती, एवढे मला आठवते. नोंदणीच्या कागदावर ‘५ ऑगस्ट २०२५ पर्यंत’ असे छापले होते, ते मात्र आठवत नाही. पंधरा वर्षे म्हणजे एखादे युगच, असे त्या वेळी वाटले असावे.

मालवणात राहणाऱ्या माणसाला खरे तर तारखांचे वावडे असू नये. इथला सगळा किनाराच तारखांवर चालतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, जाळी विणायची, आणि नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊन मगच नव्या हंगामाची भाषा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर माणसे नेणाऱ्या होड्याही पावसाळ्यात उभ्या राहतात. आमच्या शेजारचे खलाशी काका कधी शाळेत फारसे रमले नाहीत, पण त्यांची होडी नेमकी कधी वर येणार हे विचारले तर ते बोटावर सांगतील. मी एम. ए. झालो आणि माझ्या मोटारीची तारीख मला रिक्षावाल्याने सांगितली!

झाले असे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भर पावसात मी भरड नाक्यावर रिक्षाची वाट पाहत होतो. आमचे नेहमीचे रिक्षावाले भेटले. बोलता बोलता म्हणाले, “सर, तुमची गाडी पंधरा वर्सांची झाली मा? पासिंग केलात?”

मी म्हटले, “पासिंग रिक्षा-टेम्पोला. घरच्या गाडीला कसले?”

ते आरशातून माझ्याकडे बघून हसले. वर्गात एखाद्याने कोणत्या तरी कवीला भलत्याच शतकात नेऊन बसवले की मी जसा हसतो, अगदी तसे.

घरी येऊन कपाटातली पत्र्याची पेटी उघडली. तारीख सापडली. हातात आठ-नऊ दिवस उरले होते.

रिक्षावाल्यांना हे पाठ असते याचे कारण उघड आहे. भाड्याने चालणाऱ्या वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते. नवे असताना दोन वर्षांचे, मग आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दर वर्षी. मुदत टळली तर दिवसाला पन्नास रुपये जादा, असा केंद्राचा नियम झाला आणि त्यावरून महाराष्ट्रात २०२४ साली रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी मोठी ओरड केली. ती ओरड मला तेव्हा वर्तमानपत्रात वाचून थोडी अतिशयोक्त वाटली होती. पण पासिंगच्या दिवशी धंदा बुडतो, त्याआधी रंग, सीट, दिवे यांचा खर्च होतो, आणि वर रोजचे पन्नास! दिवसाच्या कमाईत त्या पन्नासांची जागा कुठे असते हे रिक्षावाल्याच्या मंडळीला विचारावे.

घरच्या मोटारीला मात्र कायदा पंधरा वर्षे मोकळे सोडतो. पंधरा वर्षांनी गाडी तपासून घ्यायची आणि नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. म्हणजे मला जूनच्या पहिल्या आठवड्यापासून मोकळीक होती. परंतु यंदा पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला, मग प्रवेशाची गडबड, मग मुलीला कोल्हापूरला पोहोचवणे... पाहिलेत ना? कारणे कशी सुरेख सुचतात ती!

खर्चाचे म्हणाल तर मोटारीच्या नूतनीकरणाची फी पूर्वी सहाशे रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली. दुचाकीला तीनशेचे हजार झाले. उशीर झाल्यास मोटारीला महिन्याला पाचशे आणि दुचाकीला तीनशे. पर्यावरण कर वेगळाच. शिवाय एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती नवी सुरक्षित नंबरपाटी बसवायची. तिची मुदत सरकारने इतक्या वेळा वाढवली की माझ्यासारख्यांची आळशीपणावरची श्रद्धा दृढ झाली. पण पासिंगची तारीख अशी वाढत नाही. सौ. हिशेब ऐकून म्हणाल्या, “अहो, पाचशे दंड भरू आणि चतुर्थीनंतर बघू. आता कुठे धावता पावसात?”

मलाही ते पटले होते. दंडाचे पाचशे ही आमच्या दृष्टीने सोय होती. पण रात्री मी जरा वाचत बसलो आणि झोप उडाली. नोंदणीची मुदत संपली म्हणजे ती गाडी कायद्याच्या नजरेत नोंदलेलीच नाही. रस्त्यावर सापडली तर पहिल्या खेपेलाच पाच हजारांपर्यंत दंड. पण खरी मेख विम्यात. एका माणसाची नवी गाडी चोरीला गेली, तेव्हा तिची तात्पुरती नोंदणी संपलेली होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो विमा कंपनीच्या बाजूने. चतुर्थीला मुंबईहून भाऊ, वहिनी, मुले येणार. कुडाळ स्टेशनावर त्यांना आणायला याच गाडीतून जायचे. हप्ते वेळेवर भरलेला विमा, आणि आयत्या वेळी कागद कोरा! दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी घेऊन मेस्त्रींकडे गेलो.

आमचे मेस्त्री मितभाषी. त्यांनी रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. गाडी उचलून धरली, दिवा घेतला आणि खाली शिरले. बराच वेळ ठाकठूक ऐकू येत होती. मग हाक आली, “सर, वायच हय येवा.”

मी वाकून पाहिले. मागच्या चाकाकडे जाणारी एक बारीक लोखंडी नळी, खालच्या पत्र्याला चिमट्याने धरलेली. त्या चिमट्यापाशी ती तांबूस, फुगलेली, पोपडे आलेली दिसत होती.

“ह्यो ब्रेकचो पायप. हातान दाबलंय तर ओलो झालो. आता सांगा, ह्या गाडयेन खय गेलेलात?”

“जूनमध्ये कोल्हापूरला. मुलीला घेऊन.”

“फोंडा घाटान?”

“हो.”

मेस्त्री काही बोलले नाहीत. हात पुसले आणि एवढेच म्हणाले, “देवान राखल्यान.”

एक नळी फुटली तरी दुसऱ्या जोडीचे ब्रेक शिल्लक राहतात, असा धीर त्यांनी मागाहून दिला. पण दाजीपूरकडून खाली उतरताना पावसाची ती झड, समोर दोन हातांवरचे न दिसणारे धुके, जाताना मागच्या सीटवर गादीच्या वळकटीवर डोके ठेवून झोपलेली मुलगी, हे सारे माझ्या डोळ्यांपुढून जाईना. निम्म्या ब्रेकांनी तो घाट उतरायची कल्पना करून पाहावी, म्हणजे पाचशे रुपयांची सोय विसरायला होते.

“दर्याकडची गाडी वयसून बघूची नाय, खालसून बघूची,” हे मेस्त्रींचे वाक्य मी तेव्हापासून अनेकांना सांगितले आहे. खाऱ्या वाऱ्यातले मिठाचे कण पत्र्यावर बसतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि लोखंड आतून पोखरत राहतात. वर रंग चकचकीत, खाली चाळण. सोलापूरची पंधरा वर्षांची गाडी आणि मालवणची पंधरा वर्षांची गाडी यांना एकच वय लावणे म्हणजे अन्यायच आहे. मासळीच्या टेम्पोंचे तर विचारू नये. बर्फाचे खारे पाणी सांगाड्यावर ठिबकत असते. आणि या वाऱ्याचा अनुभव मालवणकरांना काही नवा नाही. राजकोटावरचा महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या थोडे दिवस आधीच नटबोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने लिहिले होते. त्या दिवशी गावात कोणाच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

नळी बदलायला दोन दिवस लागले. मग निराळेच संकट. अर्जासाठी चॅसीवरचा नंबर कागद ठेवून पेन्सिलीने उमटवून घ्यावा लागतो. आमचा नंबर गंजाखाली गाडला गेलेला! रॉकेल, पॉलिश पेपर आणि मेस्त्रींच्या पोराचा संयम यांच्या जोरावर एकेक अक्षर वर आले. शिलालेख वाचणाऱ्या पंडितांबद्दल माझा आदर त्या दुपारी दुणावला. एक आकडा तीन की आठ यावर आम्ही तिघांनी चर्चा केली आणि शेवटी मूळ कागदाने निवाडा दिला.

अर्ज घरबसल्या संगणकावर भरता येतो, ही गोष्ट चांगली. ४ ऑगस्ट, सोमवार, हा दिवस मिळाला. कुंभारमाठ, चौके, कट्टा करीत कसालला महामार्गाला लागलो आणि ओरोसला पोहोचलो. जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला नसता तर याच कामाला रत्नागिरी गाठावी लागली असती, असे रांगेतल्या एका वयस्कर टेम्पोमालकांनी ऐकवले. रांगेत रिक्षा, टेम्पो, शाळेची एक पिवळी गाडी आणि मधेच आमची मोटार, परीक्षेला बसलेल्या प्रौढ विद्यार्थ्यासारखी.

निरीक्षक तरुण होते. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, पुसणी, टायर, मागचे परावर्तक, चॅसीचा नंबर आणि मग ब्रेक. ब्रेक कसा तपासावा यालाही आपल्याकडे इतिहास आहे. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली, परिवहन कार्यालयांपाशी ब्रेकच्या चाचणीसाठी अडीचशे मीटरचा स्वतंत्र मार्ग हवा, असे बजावले. त्याआधी कित्येक ठिकाणी रहदारीच्या रस्त्यावरच गाडी पळवून पाहत. एका नागरिकाने चिकाटी धरली म्हणून ही गोष्ट झाली, हे मला विशेष वाटते.

गाडी तपासण्याची ही रीत मोटारीहूनही जुनी. जर्मनीत १८६५ साली मॅनहाइमच्या एका मद्याच्या कारखान्यात वाफेचा बाष्पक फुटला. पुढच्याच वर्षी कारखानदारांनी बाष्पक तपासणारी संस्था काढली आणि अशाच संस्थांकडे पुढे मोटारींचीही तपासणी आली. इंग्लंडात १९६० साली दहा वर्षांवरच्या गाड्यांची चाचणी सुरू झाली, ती १९६७ पर्यंत तीन वर्षांवर आली. जपानात नव्या गाडीला तीन वर्षे, मग दर दोन वर्षांनी तपासणी. आपण घरच्या गाडीला पंधरा वर्षे सूट देतो. कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात ती मला फार वाटते. पण नियम करणाऱ्यांना माझे मत कोण कळवणार?

आमच्या मोटारीची तपासणी दहा-पंधरा मिनिटांत आटोपली. निरीक्षकांनी मागच्या एका दिव्याची काच तडकलेली दाखवली. ती मी ओरोसलाच बदलून आणली आणि काम झाले. परत येताना मात्र मन पूर्ण निवांत नव्हते. ते खाली वाकून नळीपर्यंत गेले नव्हते. त्यांना एका सकाळी डझनावारी वाहने पाहायची. प्रत्येकीखाली दिवा घेऊन कसे शिरणार? महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल २०१६ च्या मे महिन्यात तपासलेला होता, सुरक्षित म्हणून नोंदलेला होता. २ ऑगस्टच्या रात्री तो पुरात गेला आणि त्याबरोबर एस. टी.च्या दोन गाड्या गेल्या, त्यातली एक राजापूरहून निघालेली. कोकणातले कोणीही ती रात्र विसरलेले नाही. कागदावरचा शिक्का त्या दिवसापुरता खरा असतो. म्हणून मेस्त्रींशी आता ठरवून टाकले आहे: दर वर्षी मे अखेर, होड्या वर येतात त्याच आठवड्यात, आमची गाडी त्यांच्याकडे उचलली जाईल.

चार दिवसांनी नारळी पौर्णिमा होती. बंदरावर गर्दी होती, पावसाने उघडीप दिली होती. तिथेच आमचे रिक्षावाले भेटले. त्यांची तारीख सप्टेंबरअखेरची. अर्ज संगणकावर भरायचा म्हणजे दरवेळी कुणाला तरी पैसे द्यावे लागतात, म्हणाले. मी त्यांना संध्याकाळी कागद घेऊन घरी बोलावले. सौ.नी चहा टाकला आणि आम्ही दोघे खुर्च्या जवळ ओढून बसलो. चॅसीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता.