किल्ली कुणाच्या हातात?

चौसाळ्यातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत या महिन्यात एका ताईंनी वेगळाच प्रश्न काढला. त्यांचा मुलगा पुण्यात कामाला आहे. दोन शेळ्या विकून आलेले पैसे त्याने बिटकॉइनमध्ये टाकले. ताई म्हणाल्या, "पैसे मोबाईलमध्ये आहेत म्हणतो. मोबाईलच हरवला तर?" आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. मग माहिती घेतली, तीच आज सांगतो.

बिटकॉइन हातात धरता येत नाही. कुणाची किती नाणी, याची नोंदवही जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. मोबाईलमध्ये नाणी नसतातच, असते फक्त किल्ली. ही किल्ली 12 किंवा 24 साध्या इंग्रजी शब्दांत कागदावर लिहून ठेवता येते. मोबाईल हरवला तरी ते शब्द दुसऱ्या मोबाईलवर टाकले की नाणी पुन्हा आपल्या हाताशी. पण शब्द दुसऱ्याच्या हाती लागले, तर नाणी त्याची. शब्द हरवले आणि मोबाईलही गेला, तर कुणीच काही करू शकत नाही.

किल्ली ठेवायच्या तीन रीती आहेत.

पहिली, खरेदी-विक्रीच्या कंपनीकडेच ठेवायची. सोपं आहे, पासवर्ड विसरलो तर कंपनी मदत करते. पण किल्ली त्यांच्या हातात राहते. 18 जुलै 2024 ला वझीरएक्स या भारतीय कंपनीतून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. तिथे एका सहीवर पैसे निघत नव्हते, अनेकांच्या सह्या लागत होत्या. पण सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसलं एक आणि मंजूर झालं भलतंच. न वाचता विड्रॉल स्लिपवर सही करू नका, असं आम्ही गटात का सांगतो, ते यावरून कळेल. लोकांची नाणी वर्षाहून जास्त काळ अडकून पडली.

दुसरी, आपल्या मोबाईलमधल्या वॉलेट ॲपमध्ये. किल्ली आपली, पण मोबाईल सतत इंटरनेटला जोडलेला. खोटं ॲप किंवा फसवी लिंक आली की धोका.

तिसरी, पेनड्राइव्हसारखं छोटं यंत्र. किल्ली इंटरनेटपासून लांब राहते. मात्र ते पैसे देऊन घ्यावं लागतं. जुनं, कुणी वापरलेलं घेऊ नये.

शिकाऊ माणसानं काय करावं? रक्कम थोडी असेल तर केंद्र सरकारच्या एफआययू या विभागाकडे नोंदणी असलेल्या कंपनीत ठेवावी, पासवर्ड वेगळा ठेवावा, ओटीपी कुणालाही सांगू नये. रक्कम वाढली तर यंत्र घ्यावं. शब्द कागदावर लिहून दोन प्रती दोन जागी ठेवाव्यात. फोटो नको, व्हॉट्सॲप नको. घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा माहीत असावी. कुठेही पाठवताना आधी अगदी थोडी रक्कम पाठवून बघावी.

जाणकार म्हणून किल्ली परक्याला देऊ नका. पुण्यातल्या गेनबिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली होती. त्यांनीच त्यातली नाणी आपल्याकडे वळवली, या आरोपावरून मार्च 2022 मध्ये त्यांना अटक झाली. याच गेनबिटकॉइनने लोकांना महिन्याला दहा टक्के परतावा कबूल केला होता, हेही ध्यानात ठेवा.

बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, इथे तसा विमा नाही. भाव कधीही पडतो. नफ्यावर 30 टक्के कर आहे. मल्टिस्टेटमध्ये अडकलेल्या ठेवींसाठी आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी किती चकरा मारल्या, ते आपण पाहिलंय. म्हणून गटाचा पैसा, कर्जाचा पैसा आणि ऊसतोडीची उचल यात घालायची नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

त्या ताईंनी बैठकीतूनच मुलाला फोन लावला. शब्दांचा फोटो काढून त्याने मोबाईलमध्येच ठेवला होता! आम्ही सांगितलं, नवीन वॉलेट काढ, नवे शब्द कागदावर लिही, नाणी तिकडे हलव. रविवारी तो गावी येऊन गेला. कागद कुठे ठेवला, ते ताईंना ठाऊक आहे. आम्ही विचारलं नाही.